एक अधिकृत लढत, एक पराभव : जॅकी टोनावांडा यांचा मरणोत्तर सन्मान

जून २०२२. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी असलेले कॅनास्टोटा हे लहानसे गाव. एके काळी या गावाची ओळख कांद्याच्या काळ्या, सुपीक शेतांमुळे होती. पुढे ती मुष्टियुद्धामुळे झाली. कांदा पिकवणाऱ्या एका इटालियन कुटुंबातला कार्मेन बॅसिलिओ हा मुलगा इथलाच. त्याने १९५७ मध्ये शुगर रे रॉबिन्सन यांना हरवून मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले. त्याचा भाचा बिली बॅकस हाही १९७० मध्ये जगज्जेता झाला. एवढ्याशा गावातून दोन जगज्जेते निघाल्याचा अभिमान गावकऱ्यांना इतका, की त्यातून तिथे ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेम’ उभे राहिले.

करोनामुळे दोन वर्षे इथला सन्मान सोहळा होऊ शकला नव्हता. त्यामुळे २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षांच्या मानकऱ्यांना एकाच वेळी गौरवण्यात आले. फ्लॉइड मेवेदर, व्लादिमीर क्लिच्को, बर्नार्ड हॉपकिन्स अशी एकाहून एक भारी नावे त्या यादीत होती. त्याच यादीत, २०२१ च्या मानकऱ्यांत, आणखी एक नाव होते : जॅकी टोनावांडा. त्यांना जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

मेवेदर यांच्या नावावर पन्नास लढती आणि पन्नास विजय आहेत. टोनावांडा यांच्या नावावर व्यावसायिक मुष्टियुद्धाची अधिकृत नोंद असलेली लढत एकच, आणि तीही त्या हरल्या. विजय शून्य, पराभव एक.

मग त्यांचा सन्मान नेमका कशासाठी झाला? या धाग्याचा विषय हाच आहे. त्याचे उत्तर रिंगणात कमी आणि सरकारी कचेरीत, न्यायालयात अधिक सापडते.

आधी ‘परवाना’ या गोष्टीचे महत्त्व समजून घ्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बक्षिसाच्या रकमेसाठी होणाऱ्या मुष्टियुद्धाकडे जुगार, गुंडगिरी आणि मारामारीचा धंदा म्हणूनच पाहिले जाई. न्यूयॉर्कमध्ये हा खेळ कधी कायदेशीर ठरला, कधी बेकायदा. अखेर १९२० मध्ये जिमी वॉकर या राज्य सिनेटरच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने त्याला कायमचे स्थैर्य दिले. हेच वॉकर पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले. या कायद्याखाली खेळाची सूत्रे राज्याच्या अ‍ॅथलेटिक आयोगाकडे आली. लढणारा, त्याचा व्यवस्थापक, रिंगच्या कोपऱ्यात उभा राहून दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात त्याची जखम बांधणारा मदतनीस, पंच, सामना भरवणारा या सर्वांना आयोगाचा परवाना आवश्यक ठरला.

परवाना नाही म्हणजे सामना नाही. सामना नाही म्हणजे करार नाही, पैसा नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदही नाही. परवान्याविना लढलेली लढत ही अधिकृत दफ्तराच्या लेखी घडलेलीच नसते. टोनावांडा यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा पुन्हा आड येतो.

आयोगाच्या नियमावलीत स्त्रियांसाठी एक स्वतंत्र कलम होते. कोणत्याही स्त्रीला मुष्टियोद्धा किंवा कोपऱ्यातला मदतनीस म्हणून परवाना देता येणार नाही, तसेच पुरुषांबरोबरच्या कुस्तीच्या प्रदर्शनासाठीही देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. वजन, वय, प्रकृती, अनुभव यांपैकी कशाचीही चौकशी करण्याची गरजच नव्हती. अर्जदार स्त्री आहे, एवढ्यावर विषय संपत असे.

स्त्रियांनी मुष्टियुद्ध करणे ही सत्तरच्या दशकातली नवलाई नव्हती, हेही इथेच सांगायला हवे. १७२२ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात एलिझाबेथ विल्किन्सन या क्लर्कनवेलच्या रहिवासी स्त्रीने हॅना हायफील्ड हिला जाहीर आव्हान दिले होते. दोघींनी प्रत्येक मुठीत अर्धा क्राउनचे नाणे धरायचे, आणि जिच्या हातून नाणे आधी खाली पडेल ती हरली, अशी अट होती. (अट मोठी हुशारीची. मूठ उघडली की नाणे पडणार, त्यामुळे ओरबाडणे आणि केस ओढणे आपोआप बंद.) खुद्द अमेरिकेतही १९५७ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरात बार्बरा बट्रिक आणि फिलिस कुगलर यांची लढत राज्याच्या मान्यतेने झाली होती. तेव्हा प्रश्न स्त्रिया लढू शकतात की नाही हा नव्हताच. न्यूयॉर्क त्यांना लढू देणार की नाही, हा होता. आणि न्यूयॉर्क म्हणजे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, म्हणजे या खेळाची पंढरी.

आता टोनावांडा यांच्याविषयी. इथे अभ्यासकाला पावलोपावली सावध राहावे लागते. त्यांचे जन्मवर्ष १९३३ दिले जाते. आपला जन्म लाँग आयलंडचा, आपण लहानपणीच पोरक्या झालो, आणि तेराव्या वर्षापासून मुष्टियुद्ध शिकू लागलो, असे त्या सांगत. न्यायालयाच्या कागदांत त्यांचे आडनाव गॅरेट असे येते. ‘टोनावांडा’ हे रिंगणातले नाव. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोजवळ, त्या नावाचे गाव आहे. उंच, धिप्पाड बांध्याच्या या कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःला ‘फीमेल अली’ म्हणवून घेतले. वृत्तपत्रांना ते नाव आवडले आणि ते कायमचे चिकटले.

तीसहून अधिक विजय आणि त्यांतले बहुतेक नॉकआउट, असा आपल्या कारकिर्दीचा हिशेब त्या देत. या लढती कुठे, कोणाविरुद्ध आणि कधी झाल्या याची पडताळणी आज जवळजवळ अशक्य आहे. ज्या काळात आणि ज्या राज्यात स्त्रीची लढत कायद्याने अस्तित्वातच नव्हती, तिथे तिची नोंद कोण ठेवणार? हा युक्तिवाद खरा आहे. पण त्यावरून त्यांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असेही होत नाही. मुष्टियुद्धाच्या धंद्यात स्वतःची जाहिरात करताना आकडे फुगवण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि ज्यांचे नाव टोनावांडा यांनी घेतले ते अली तर या कलेचे महागुरू. नोंद नसणे हा लढती झाल्याचा पुरावा नाही. लढती न झाल्याचाही नाही.

नक्की ठाऊक असलेली गोष्ट अशी. १९७४ मध्ये टोनावांडा आणि मॅरियन ट्रिमियार या दोघींनी न्यूयॉर्कच्या आयोगाकडे परवान्यासाठी अर्ज केला. ट्रिमियार तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढे मुंडण केलेले डोके आणि ‘लेडी टायगर’ हे नाव ही त्यांची ओळख झाली. टोनावांडा चाळिशी ओलांडलेल्या. खेळाडूचे आयुष्य ज्या वयात संपत आलेले असते, त्या वयात त्या प्रवेशाचा अर्ज भरत होत्या.

अर्ज फेटाळले गेले. आयोगाचे अध्यक्ष एडविन डूली हे तरुणपणी डार्टमथ महाविद्यालयाचे नामांकित फुटबॉलपटू होते आणि नंतर अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. त्यांनी दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. स्त्रीच्या शरीराला इजा होईल ही काळजी त्या काळी सर्रास बोलून दाखवली जाई, पण डूली यांचा मुख्य भर वेगळ्याच गोष्टीवर होता. मुष्टियुद्धाची जनमानसातील प्रतिमा हेच त्याचे भांडवल आहे, रिंगणात दोन स्त्रिया लढू लागल्या तर ही प्रतिमा डागाळेल, गंभीर प्रेक्षक दुरावेल आणि खेळाचे मोठे आर्थिक नुकसान होईल, असा त्यांचा आशय होता. ज्या खेळाचे सामने ठरवून हरल्याच्या आणि टोळीवाल्यांनी मुष्टियोद्धे विकत घेतल्याच्या कहाण्या १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीपर्यंत गेल्या होत्या, त्या खेळाच्या प्रतिमेची ही काळजी होती.

डूली यांचे नाव मुष्टियुद्धाच्या इतिहासात आधीच आणखी एका प्रकरणाशी जोडले गेले होते. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे मुहम्मद अली यांनी सैन्यभरतीसाठी पुढे पाऊल टाकण्यास नकार दिला. खटला उभा राहण्याच्याही आधी, त्याच दिवशी, न्यूयॉर्कच्या आयोगाने त्यांचा परवाना स्थगित केला. तेव्हाही अध्यक्ष डूलीच होते. इतर राज्यांनी न्यूयॉर्कचा कित्ता गिरवला आणि अलींच्या उमेदीची तीनहून अधिक वर्षे वाया गेली.

१९७० मध्ये अलींच्या वकिलांनी आयोगाची जुनी दफ्तरे उघडायला लावली. खून, दरोडा, बलात्कार, लष्करातून पलायन अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना आयोगाने बिनदिक्कत परवाने दिल्याची शेकडो उदाहरणे त्यांत निघाली. फेडरल न्यायाधीश वॉल्टर मॅन्सफील्ड यांनी आयोगाची कृती मनमानी ठरवली आणि अलींना परवाना परत मिळाला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ८ मार्च १९७१ रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि जो फ्रेझियर यांची ‘शतकातील लढत’ झाली.

तेव्हा ‘फीमेल अली’ हे नाव केवळ प्रसिद्धीची क्लृप्ती म्हणून सोडून देता येत नाही. टोनावांडा यांनी ते कशासाठी घेतले असेल ते असो. पण आयोग तोच, अध्यक्ष तोच, परवान्याचा प्रश्न तोच, आणि उपायही तोच : न्यायालय.

त्याआधी मात्र एक वेगळीच घटना घडली. ८ जून १९७५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मार्शल आर्ट्सच्या एका कार्यक्रमात टोनावांडा यांची लढत लॅरी रोडानिया या पुरुष किकबॉक्सरशी झाली. दुसऱ्या फेरीत रोडानिया कोसळले. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९७३ मध्ये, बिली जीन किंग यांनी बॉबी रिग्ज यांना टेनिसमध्ये सरळ सेटमध्ये हरवले होते आणि तो सामना कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. स्त्री विरुद्ध पुरुष हा त्या दिवसांतला खात्रीने खपणारा माल होता.

या लढतीमुळे गार्डनमध्ये लढणारी पहिली स्त्री असे टोनावांडा यांचे वर्णन केले जाते. पण ती मुष्टियुद्धाची अधिकृत लढत नव्हती, आणि अशा कार्यक्रमांत स्पर्धा किती आणि तमाशा किती हे ठरवणे कठीण असते. त्या रात्रीचे महत्त्व निकालात शोधण्यापेक्षा एका विसंगतीत शोधावे हे बरे. जिने दुसऱ्या स्त्रीशी लढणे खेळाला बदनाम करील असे आयोग सांगत होता, तीच स्त्री न्यूयॉर्कच्या सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात एका पुरुषाशी लढली, लोकांनी तिकिटे काढून ते पाहिले आणि आभाळ काही कोसळले नाही.

त्याच वर्षी टोनावांडा यांचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभा राहिला. ‘गॅरेट विरुद्ध न्यूयॉर्क राज्य अ‍ॅथलेटिक आयोग’ या नावाने तो नोंदला गेला आहे. संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेले कायद्याचे समान संरक्षण हा त्याचा गाभा होता. काळही अनुकूल होता. केवळ लिंगाच्या आधारे भेद करणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा रद्द केला तो १९७१ मध्ये, रीड विरुद्ध रीड या खटल्यात. शिक्षणसंस्थांतील भेदभावाला मनाई करणारे ‘टायटल नाइन’ १९७२ मध्ये आले होते. सरसकट बंदी घटनेच्या कसोटीवर टिकेल का, याविषयीची शंका टोनावांडा यांच्या दाव्याने न्यायालयाच्या दफ्तरात आणली. परवाना मात्र त्यांच्या हाती पडला नाही.

आणि हे सारे घडत असताना इतरत्र काय चालले होते? १९७५ मध्येच नेवाडा राज्याने कॅरोलाइन स्वेंडसेन यांना मुष्टियुद्धाचा परवाना दिला. खुद्द न्यूयॉर्कने त्याच सुमारास ईव्हा शेन यांना गुण देणारी पंच म्हणून मान्यता दिली. २९ सप्टेंबर १९७७ रोजी अली आणि अर्नी शेव्हर्स यांची जगज्जेतेपदाची लढत गार्डनमध्ये झाली, तेव्हा रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्यांत या शेनबाई होत्या. हेवीवेटच्या जगज्जेतेपदाचा निवाडा करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. म्हणजे १९७७ च्या न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता कोण हे स्त्री ठरवू शकत होती, पण चार फेऱ्यांची साधी लढत स्वतः लढू शकत नव्हती.

कोंडी फुटली ती आणखी एका खटल्यामुळे. कॅथी ‘कॅट’ डेव्हिस यांनी १९७७ मध्ये आयोगाविरुद्ध दावा लावला. गॅरेट खटल्याने घातलेला पाया तयार होताच. १९७८ मध्ये न्यायालयाने स्त्रियांवरील बंदीचा नियम अवैध ठरवला, आणि १९ सप्टेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कने स्त्रियांना मुष्टियुद्धाचे परवाने दिले. ते डेव्हिस, ट्रिमियार आणि टोनावांडा या तिघींना मिळाले.

सर्वांत जास्त प्रसिद्धी डेव्हिस यांच्या वाट्याला आली. त्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या, छायाचित्रात शोभून दिसणाऱ्या. ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाच्या सर्वांत प्रतिष्ठित मासिकाने ऑगस्ट १९७८ च्या मुखपृष्ठावर त्यांना झळकवले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. चार वर्षांपूर्वी अर्ज करणाऱ्या दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात राहिल्या. गंमत अशी, की परवाने मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात जॅक न्यूफील्ड यांनी डेव्हिस यांच्या काही लढती बनावट असल्याचा आरोप केला, आणि ज्या नावावर स्त्रियांच्या मुष्टियुद्धाची सारी जाहिरात उभी केली होती तेच नाव संशयात सापडले. त्याचा फटका एकट्या डेव्हिस यांना बसला नाही. ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्यांनाही बसला.

टोनावांडा यांची ती एकमेव अधिकृत लढत आली परवान्यानंतर पाच महिन्यांनी. १६ फेब्रुवारी १९७९, स्थळ केंटकी राज्यातील लुइव्हिल, म्हणजे मुहम्मद अलींचे जन्मगाव. प्रतिस्पर्धी डायॅन ‘डायनामाइट’ क्लार्क. सहा फेऱ्यांची लढत शेवटपर्यंत गेली, पंचांचे एकमत झाले नाही, आणि दोन विरुद्ध एक अशा मतांनी टोनावांडा हरल्या. त्या तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या.

पंचेचाळिसाव्या वर्षी सहा फेऱ्या पायांवर उभे राहून निकाल पंचांच्या हाती सोपवणे आणि तोही असा काठावरचा, हे त्या शून्य-एक आकड्यांत कुठेच दिसत नाही. परवाना १९७४ मध्ये मिळाला असता तर, किंवा त्याही आधी, तिशीत असताना मिळाला असता तर, हा प्रश्न इतिहासात विचारू नये असे म्हणतात. मात्र ती वर्षे कोणी घेतली हे विचारता येते, आणि त्याचे उत्तर आयोगाच्या नियमावलीत लिहिलेले आहे.

परवाना मिळाला म्हणून पोट भरले असे झाले नाही. स्त्रियांचे सामने भरवायला कोणी पुढे येईना, आले तर देऊ केलेली रक्कम हास्यास्पद असे. १९८७ मध्ये ट्रिमियार यांनी स्त्री मुष्टियोद्ध्यांना योग्य मोबदला आणि मान्यता मिळावी म्हणून सुमारे महिनाभर उपोषण केले. धंद्यातल्या मोठ्या नावांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. हौशी मुष्टियुद्धाची दारे तर बंदच होती. ती उघडली १९९३ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातील डॅलस मॅलॉय या सोळा वर्षांच्या मुलीने खटला भरल्यावर. १९९६ मध्ये माइक टायसन यांच्या लढतीआधी झालेल्या क्रिस्टी मार्टिन आणि डिअर्ड्री गोगर्टी यांच्या सामन्याने टायसनपेक्षा जास्त टाळ्या घेतल्या आणि स्त्रियांचा सामना लोक पैसे मोजून पाहतात हे धंद्याला कळले. ऑलिम्पिकला कळायला २०१२ उजाडले. त्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५१ किलो गटाचे सुवर्ण निकोला अ‍ॅडम्स यांनी जिंकले, आणि त्याच गटात आपल्या मेरी कोम यांनी कांस्यपदक घेतले.

टोनावांडा यांना हे पाहता आले नाही. जून २००९ मध्ये त्यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. कॅनास्टोटाच्या संग्रहालयाने पहिले मानकरी १९९० मध्ये निवडले होते. तिथून पहिल्या स्त्री मुष्टियोद्ध्याची निवड होईपर्यंत तीन दशके गेली. २०२० च्या यादीत मार्टिन, लुसिया राइकर आणि बार्बरा बट्रिक ही नावे आली. २०२१ च्या यादीत ‘ट्रेलब्लेझर’, म्हणजे वाट पाडणाऱ्या स्त्रियांच्या गटात, ट्रिमियार आणि टोनावांडा यांची निवड झाली. १९७४ च्या अर्जावरच्या दोन सह्या सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा एकत्र आल्या. एक सही करणारी हयात होती, दुसरी नव्हती.

या यादीत आणखी एक योग जुळून आला आहे. त्याच २०२१ च्या मानकऱ्यांत लैला अली आहेत, मुहम्मद अलींच्या कन्या. एकीने अलींचे नाव उसने घेतले, दुसरीला ते जन्मानेच मिळाले. खुद्द अलींचे मत मात्र सत्तरच्या दशकात डूली यांच्याहून फार निराळे नव्हते. स्त्रीचे शरीर ठोसे खाण्यासाठी नाही, असे ते जाहीरपणे म्हणत. ८ जून २००१ रोजी लैला यांची लढत जो फ्रेझियर यांच्या कन्या जॅकी फ्रेझियर-लाइड यांच्याशी झाली. आठ फेऱ्यांनंतर लैला जिंकल्या. ही लढत झाली व्हेरोना या गावी, कॅनास्टोटापासून मोटारीने काही मिनिटांच्या अंतरावर, न्यूयॉर्क राज्यात. टोनावांडा यांची रोडानियाशी लढत झाली त्याला त्या दिवशी बरोबर सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती.

मरणोत्तर सन्मानांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो इथे अधिकच लागू पडतो : ज्याचा गौरव त्याच्या हयातीत करता आला असता, तो मेल्यावर करण्यात संस्थेचेच समाधान अधिक. टोनावांडा पंचाहत्तर वर्षे जगल्या. त्यांची आठवण काढायला भरपूर वेळ होता. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे : पडताळणी न झालेल्या विक्रमांच्या आधारे कोणाला मानकरी करणे म्हणजे खोटा इतिहास लिहिणे. या दुसऱ्या आक्षेपात तथ्य असते, जर सन्मान त्या तीसहून अधिक विजयांसाठी झाला असता. तो तसा झालेला नाही. ज्या गटात त्यांची निवड झाली त्याचे नावच सांगते की मोजमाप विजयांचे नव्हते. त्यांचे विजय संशयास्पद असतील, त्यांचा दावा नाही. विधी-अहवालांच्या खंडात तो छापलेला आहे, आणि पुढच्या खटल्याला त्याचा आधार मिळाला आहे.

तरीही हा गौरव वाचताना एक धोका राहतो. त्यांना ‘अपराजित’, ‘शेकडो पुरुषांना लोळवणारी’ अशा विशेषणांनी सजवणारे लेख समाजमाध्यमांवर फिरत असतात. हेतू चांगला असेल, पण त्यामुळे त्यांचे खरे काम झाकले जाते. अपराजित योद्ध्याला परवाना नाकारणे हा अन्याय कोणालाही कळतो. पण जिच्या गुणवत्तेची परीक्षाच घेतली नाही, तिला ती परीक्षा देण्याचा हक्क होता, एवढीच साधी मागणी टोनावांडा यांनी केली होती. त्यासाठी अपराजित असण्याची गरज नव्हती. पुरुषांपैकी कोणाकडूनही परवान्याच्या अर्जाबरोबर जगज्जेतेपद मागितले जात नव्हते.

कॅनास्टोटाचा तो सोहळा होण्याच्या सहा आठवडे आधी, ३० एप्रिल २०२२ रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची लढत झाली. गार्डनच्या इतिहासात मुष्टियुद्धाचा मुख्य सामना दोन स्त्रियांमध्ये होण्याची ही पहिलीच वेळ. एकोणीस हजारांहून अधिक प्रेक्षक, सर्व तिकिटे संपलेली. टेलर दोन विरुद्ध एक अशा मतांनी जिंकल्या, म्हणजे लुइव्हिलला टोनावांडा ज्या प्रकारच्या निकालाने हरल्या होत्या तशाच निकालाने. ती लढत ज्या आयोगाच्या देखरेखीखाली झाली, तो न्यूयॉर्क राज्य अ‍ॅथलेटिक आयोगच होता.